पाडा जेवल्यावर

काय खातो याची चौकशी करणारी माणसं मी पुष्कळ पाहिली. पण ताटातलं धान्य कुठल्या शेतात, उताराच्या कुठल्या अंगाला आणि कुणाच्या हातचं पेरलेलं आहे हे कळल्याशिवाय घास न उचलणारा माणूस साऱ्या जगात एकच झाला, आणि तो माझ्या वाट्याला व्याही म्हणून आला. मोखाड्यात सूर्यमाळच्या बाजूला एकोणीस घरांच्या पाड्यावर त्यांची शेती होती. नागली, म्हणजे नाचणी, वरई आणि खालच्या खाचरात थोडा भात. माझी मुलगी त्यांच्याकडे दिली तेव्हा जव्हारातल्या मांडवात पंगत बसली, आणि व्याह्यांनी पहिला घास घ्यायच्या आधी आचाऱ्याला बोलावून घेतलं. "ह्यो तांदूळ कुनाचा?" आचारी म्हणाला, "दुकानातला." "दुकानदाराचं शेत कुठं हाय?" आचाऱ्याने माझ्याकडे पाहिलं, मी गोणीकडे पाहिलं, आणि गोणीवर गावाचं नाव नव्हतं, वाघाचं चित्र होतं. व्याह्यांनी उपरण्याच्या गाठीतून आणलेली भाकरी-चटणी काढली आणि तीनशे दहा माणसांच्या पंगतीत शांतपणे तेवढीच खाल्ली. माझी बायको स्वयंपाकघराच्या मागे जाऊन रडली. नंतर अकरा वर्षं ते आमच्याकडे येत राहिले आणि दर वेळी एसटीतून उतरताना त्यांच्या खांद्याला पिठाची पिशवी असे. "ही वरच्या दांडाच्या शेताची हाय, वहिनी. भाकर पातळ थापा," एवढं सांगून ते ओट्यावर जाऊन बसत. बायको पुढे रडेनाशी झाली. परात काढायला लागली.

हे सोंग आहे की खरंच त्यांना कळतं, हा प्रश्न मला छळत असे. म्हणून एका दिवाळीत मी परीक्षा घेतली. मुलीकडून त्यांच्याच पाच शेतांतल्या नागलीचं पीठ वेगवेगळं मागवलं, पाच भाकऱ्या करवल्या, प्रत्येकीला माझ्या वहीत क्रमांक दिला आणि सहावी गुपचूप बाजारच्या पिठाची ठेवली. व्याह्यांनी एकेक तुकडा मोडला, नाकाशी नेला, चावला. पाचही बरोबर सांगितल्या. तिसऱ्या भाकरीला तर "हिच्यात सागाची सावली हाय" असंही म्हणाले, आणि त्या शेताच्या बांधावर साग आहे. सहावी मात्र त्यांनी फार वेळ चघळली आणि केविलवाणा चेहरा करून म्हणाले, "हिला गावच नाय हो, पावनं." एखाद्या पोरक्या मुलाबद्दल बोलावं तसं बोलले. पण टाकली नाही, खाऊन संपवली. कौतुक असं त्यांनी कुठल्याच अन्नाचं केलं नाही. फार आवडलं तर "खाल्ली" म्हणत. सूनबाईच्या, म्हणजे माझ्या मुलीच्या हातच्या भाकरीला अकरा वर्षांत असं चार वेळा म्हणाले, आणि चारही वेळा तिने मला मुद्दाम फोन करून कळवलं. एकदा आम्ही त्यांना शिरपामाळला फिरायला नेलं, तेव्हा तिथे आलेल्या एका कुटुंबाने प्रेमाने वेफर्सचं पाकीट पुढे केलं. व्याह्यांनी ते उलटंसुलटं करून विचारलं, "बटाटा कुनी लावला?" ती मंडळी पोट धरून हसली. व्याही हसले नाहीत. उत्तर येईल म्हणून बिचारे वाट पाहत उभे राहिले.

त्यांच्या या खोडीमागे एक जबाबदारी होती. आमच्याकडे डोंगरातल्या पाड्यांवर नवं धान्य खळ्यात आलं म्हणून लगेच खात नाहीत. आधी ते देवाला आणि पितरांना दाखवायचं, मग साऱ्या पाड्याने एकाच दिवशी तोंडाला लावायचं. याला नवं करणं म्हणतात. त्यांच्या पाड्यावर हे काम त्यांच्या घराण्याकडे होतं आणि बापानंतर त्यांच्याकडे आलं होतं. ते दिवा लावत, नाव घेत, आणि मग एकोणीस घरं जेवत. तोवर कुणाच्या घरी नवी नागली दळली जात नसे, जुनं संपलं असलं तर रेशनचा भात खाऊन लोक थांबत. हे मला ठाऊक होतं, पण सत्तावीस वर्षं नोकरीनिमित्त जव्हारात काढल्यावर माझ्या घरात नवं-जुनं काही उरलं नव्हतं. डबा रिकामा झाला की मी पिशवी घेऊन दुकानात जात असे.

त्यांचं दुखणं आलं तेही नागलीच्याच वेषात आलं. "औंदा दाना जाड भरलाय, घशाखाली जात नाय," असं ते वैशाखापासून म्हणू लागले. एका शेताची नागली सोडून दुसऱ्या शेताची धरली. जात्याला टाकी लावून घेतली. सूनबाईला पीठ तीनदा चाळायला लावलं. सगळ्यांना हसू येत होतं, मलाही आलं. मग एक दिवस मुलीचा फोन आला. सासऱ्यांना ती मामा म्हणत असे. "बाबा, मामा भाकर आंबिलीत बुडवून खातायत. आणि तीपण अर्धीच." तेव्हा मी हसायचा थांबलो. तपासण्या होत होत मुंबईच्या मोठ्या इस्पितळापर्यंत पोचायला आश्विन उजाडला. जावयाला भातकापणी सोडता येईना आणि कागद वाचायचं काम माझं, म्हणून सोबत मी राहिलो. अन्ननलिकेत गाठ होती. इस्पितळातली खिचडी समोर आली की व्याही परिचारिकेला तांदळाचं गाव विचारीत. "बाबा, इथे चारशे पेशंट आहेत," ती म्हणायची. "मंग चारशे जनांना नको का सांगाया?" ते म्हणायचे. नऊ दिवसांत त्यांचं वजन साडेचार किलोने उतरलं. पेजेच्या पाण्यावर दिवस चालला होता. दहाव्या दिवशी, शुक्रवारी, डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की सोमवारी पोटात नळी बसवावी लागेल, त्यानंतर तोंडाने काही देता येणार नाही, आणि हे पुन्हा उघडेल अशी आशा धरू नका. या अवस्थेत गावी नेण्याची परवानगी मिळाली नाही. मी फाटकाबाहेरच्या बाकावर बसून व्याह्यांना जसंच्या तसं सांगितलं. कारण त्यांना गोल बोललेलं चालत नसे. ते म्हणाले, "म्हंजे तीन दिस." मी म्हटलं, "आजचा धरून."

शनिवारी सकाळी मी औषधांच्या खिडकीवरच्या बाईंना विचारलं, की मऊ, घरच्यासारखं कुठे मिळेल. त्यांनी एका शाकाहारी सेंद्रिय उपाहारगृहाचा पत्ता दिला आणि सहज म्हणाल्या, "तिथे प्रत्येक पदार्थाखाली गावाचं नाव लिहिलेलं असतं." मी त्या बाईंना हात जोडले. परिचारिकेकडून दुपारपुरती बाहेर जायची परवानगी काढली आणि टॅक्सीने बारा मिनिटांत पोचलो. आत बांबूचे दिवे, मातीची भांडी, भिंतीवर सुपं टांगलेली. व्याह्यांनी एक सूप उतरवून पाहिलं, "पाखडलेलं नाय कधी," म्हणाले आणि परत टांगलं. व्याह्यांना वाचता येत नसे, म्हणून मी पदार्थांची पत्रिका मोठ्याने वाचली. लाल भात, अमक्या गावचा. वरई, जव्हारची. नागलीची आंबील, मोखाडा. नऊ-दहा दिवसांत पहिल्यांदा व्याही ताठ बसले. त्यांनी भोवतालच्या सगळ्या टेबलांवर नजर फिरवली आणि मला हळूच विचारलं, "म्हंजे हितं समदे माझेसारखेच?" आणि मी थांबवायच्या आत शेजारच्या टेबलावरच्या एका सुटाबुटातल्या गृहस्थांना म्हणाले, "भाऊ, तुमची भाजी कुनाची?" गृहस्थांनी कानातलं फोनचं यंत्र काढलं, पत्रिका पाहिली आणि चक्क गावाचं नाव सांगितलं. व्याह्यांच्या चेहऱ्यावरच्या समाधानाचं वर्णन मला करता येणार नाही.

आंबील मातीच्या पेल्यातून आली. आणायला स्वतः मालकीणबाई आल्या, साठीच्या, खादीची साडी, चष्मा दोरीला लटकवलेला. मोखाड्याचे पाहुणे आलेत हे त्यांना कळलं होतं. व्याह्यांनी पेला नाकाशी नेला. डोळे मिटले. मालकीणबाई उत्साहाने म्हणाल्या, "एकदम ताजी आहे हं काका. नवी नागली, याच आठवड्यात आली."

व्याह्यांनी पेला खाली ठेवला.

"जुनी हाय का?" त्यांनी विचारलं. जुनी संपली होती. "मंग ऱ्हाऊंदे." मालकीणबाईंना वाटलं काहीतरी चुकलं. मी त्यांना समजावलं, की यांच्या पाड्यावर अजून नवं झालेलं नाही. लवकर येणारी हळवी नागली कापून खळ्यात पडली आहे, पण दिवा लावणारा माणूस हा इथे बसलाय. मग मी व्याह्यांकडे वळलो आणि जरा चढ्या आवाजातच बोललो. "पाहुणे, परवा नळी बसते आहे. यापुढे नवी काय नि जुनी काय. इथे तुम्हाला पाड्यातलं कोण बघायला येतंय?" ते म्हणाले, "मी बघतोय ना." मग म्हणाले, "पोरं रेशनचं खाऊन बसलीत माझेसाठी. आन् मी हितं पंख्याखाली नवं खाऊ?" पेल्यावर साय धरायला लागली होती.

मग ते म्हणाले, "फोन लावा. धाकल्याला." धाकला म्हणजे त्यांचा भाऊ. पाड्यावर रेंज फक्त टेकाडावर येते, तिथे माझी मुलगी फोन घेऊन चढली आणि चुलतसासऱ्याला हाक मारून वर आणलं. व्याह्यांनी फोन कानाला लावला. "तू कर नवं. आज. आत्ता." पलीकडून भाऊ ओरडला ते मलाही ऐकू आलं, "आरं, तू जिता हायेस ना? मी कसा करू?" "म्हनूनच सांगतोय. मेल्यावर कोन सांगंल?" मग त्यांनी त्याला पितरांची नावं ओळीने सांगितली. सतरा नावं. मधे दोनदा खोकला आला, दोनदा ते पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले, कारण मधेच तोडून चालत नाही. सुटाबुटातले गृहस्थ जेवण थांबवून ऐकत होते. शेवटचं नाव त्यांच्या बापाचं होतं. ते सांगून झाल्यावर त्यांनी फोन माझ्या हातात दिला आणि उपरण्याने तोंड पुसलं, म्हणजे डोळे.

पावणेएकला आम्ही वाट पाहायला बसलो. बाहेर जागेसाठी माणसं उभी होती. मी उठायला लागलो तर मालकीणबाईंनी खांद्यावर हात ठेवून बसवलं आणि स्वतः खुर्ची ओढून आमच्यात बसल्या. तिकडे नागली दळायची, भाकऱ्या थापायच्या, दिवा लावायचा. मुलगी टेकाड चढून बातमी द्यायची आणि उतरायची. "मामा, दिवा लागला." "मामा, दाखवून झालं." "मामा, जेवतायत." व्याह्यांना तेवढ्याने भागेना. त्यांनी घराघराची नावं घेऊन विचारायला सुरुवात केली आणि मी हॉटेलच्या कागदी रुमालावर खुणा करत गेलो. सतरा घरं जेवली. एकाला कुलूप होतं, ते वीटभट्टीवर गेले होते. राहिली एक म्हातारी, व्याह्यांची चुलती. ती म्हणत होती, तो आल्याबिगर मी खायची नाय.

"तिला वर आना," व्याही म्हणाले. म्हातारीला टेकाडावर आणण्यात पंचवीस मिनिटं गेली. "काकी, खा." "तू ये मंग खाते." "मी येतोय काकी, पन तू खाल्ल्याबिगर मना खाता येत नाय. उपाशी बसवलंस मला." पलीकडून म्हातारीचा आवाज आला, "मुडद्या, ल्हानपनी पन असाच रडवायचास," आणि त्यानंतर चावण्याचा आवाज. दात नव्हते तिला, फक्त हिरड्यांचा. व्याह्यांनी तो फोन कानाशी घट्ट धरून पुरता ऐकला.

दोन वाजून पस्तीस मिनिटांनी त्यांनी पेला उचलला. मालकीणबाई गरम करून आणते म्हणत होत्या, त्यांनी मान हलवली. सात घोट घेतले. प्रत्येक घोटाला मान वर करून, डोळे मिटून, वेळ लावून. आठवा उतरला नाही. मग ते मालकीणबाईंना म्हणाले, "बाई, राग नका धरू. ही मोखाड्याची नाय. ही खालची, काळ्या मातीतली." बाईंचा चेहरा उतरला. त्यांनी गोणी पाठवणाऱ्याला तिथूनच फोन केला आणि परत येऊन "तुमचं बरोबर आहे," म्हणाल्या. मी वैतागून म्हटलं, "पाहुणे, आपली नव्हतीच तर पावणेदोन तास कशाला थांबलो?" व्याही म्हणाले, "नवी तर हाय ना." आणि पेला माझ्याकडे सरकवला. "उरलेली तुमी घ्या. पाडा जेवलाय." मी प्यायलो. मला ताक आणि मीठ एवढंच लागलं. आयुष्यभर मी सगळे आकडे लिहून ठेवत आलो, पण त्या दिवशीच्या बिलाचा आकडा लिहिता आला नाही, कारण बाईंनी बिल दिलंच नाही.

सोमवारी नळी बसली. व्याही पाड्यावर परतले आणि चार महिने अठरा दिवस ओटीवर बसून राहिले. चुलीवरच्या भाकरीचा वास आला की तोंड तिकडे करत, पण कधी मागितली नाही. फाल्गुनात गेले.

यंदाची नागली मुलीने पाठवून दिली आहे. जव्हारच्या डेपोतून मीच ती उतरवून आणली, साधारण बारा किलो, तोंड शिवलेली. व्याह्यांचा भाऊ ठाण्याकडे वीटभट्टीवर आहे, आणि मालक हंगाम लागल्यावर सोडत नाही. पाड्यावरची सात घरं यंदा कुलपात आहेत. "काका आले की नवं करतील, मग फोन करते," मुलगी म्हणाली. त्याला आज अकरा दिवस झाले. बायको रोज विचारते, दळून आणू का. डब्यातलं पीठ परवाच संपलं. मी म्हणतो, थांब जरा, आणि रात्रीला भात टाकायला सांगतो. फोन मी चार्जिंगला लावून स्वयंपाकघरातच ठेवला आहे.