डबा हुंगणारी बाई

मे महिन्यात आम्ही घरची मंडळी कुवेंपुनगरातून बोगादीकडच्या बागेत डबे घेऊन गेलो होतो, तिथली ही गोष्ट. शेजारच्या चटईवर माझ्याच वयाची एक बाई बसली होती. केळंसुद्धा सोलून आधी हुंगायची, मग खायची! मला बाई हसूच आवरेना.

मी डबे उघडले. नातवंडं हातात इडली घेऊन खोबऱ्याच्या चटणीवर टपलेली. माझी चटणी म्हणजे घरात नावाजलेली बरं का! तेवढ्यात ती बाई उठून आली, डब्यात सरळ नाक घातलं आणि म्हणाली, "अय्यो अक्का, बेडा, नको! पोरांना देऊ नका. ओलं खोबरं उन्हात टिकतंय होय?"

अशी चिडले मी! पण बोटावर घेऊन चाटली, तर जिभेला चुरचुरली. लगेच झाकण लावलं.

तिने आपली कोरडी चटणी आणली, वर तेल सोडलं, पोरं खूश. मग आम्हाला वाढायला स्वतःच्या कोशिंबिरीचा डबा उघडला, सवयीनं हुंगला आणि थबकली. त्यातही ओलं खोबरं!

"माझंही गेलं की!" म्हणत ती इतकी हसली, की पदर तोंडाला लावावा लागला. "काय करणार अक्का, नाकाला आपलं-परकं नसतंय."

तिचं नाव विचारायचं राहूनच गेलं. पण हल्ली उन्हात कुठे डबा उघडला की आधी माझं नाक आत जातं, आणि नातवंडं एका सुरात ओरडतात, "आजी, बेडा का?"