खाकी कव्हरातली ‘आकाशबंदी’

मरोळच्या ‘नवप्रभा’ सोसायटीत ए विंगच्या दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या मार्तंडराव परुळेकरांबद्दल एक गोष्ट मृणालिनीबाईंनी, म्हणजे त्यांच्या सौभाग्यवतींनी, कुणाला म्हणून सांगायची नाही असं बजावून चार जणींना सांगितली होती. त्यामुळे ती आता इथे सांगायला हरकत नाही. सव्वीस वर्षं वाचन मंडळ चालवणाऱ्या या माणसानं मंडळाचं एकही पुस्तक वाचलेलं नव्हतं. दिवाळी अंकातलं राशिभविष्य सोडून. तेही फक्त वृश्चिक.

वाचनाशी त्यांचं काही देणंघेणंच नव्हतं. चौतीस वर्षं दूध वाटपात काढलेला माणूस तो. कुठला क्रेट कुठल्या गाडीत, कुठली गाडी कुठल्या रस्त्यानं, हे ठरवण्यात त्यांचा जीव रमायचा. निवृत्त झाल्यावर दूध गेलं आणि त्याच्या जागी दिवाळी अंक आले, एवढाच फरक. पाच घरं, प्रत्येक घरी एक गठ्ठा, आणि दर रविवारी सकाळी दहाला गठ्ठा पुढच्या घरी सरकवायचा. एखादा म्हणाला, ‘काका, माझं वाचून झालंय, आजच द्या ना पुढचा,’ तर उत्तर ठरलेलं. ‘रविवार. दहा.’

पण अंक वाचणारे कमी होत गेले. गेल्या दिवाळीत गठ्ठे जसे गेले तसेच परत आले, आतली नमुन्याची शांपूची पाकिटंसुद्धा कुणी फाडलेली नव्हती. तेव्हा समोरच्या अनुपमाची दहावीतली मुलगी श्रुतिका भर बैठकीत म्हणाली, ‘‘आजोबा, अंक कोण वाचतं आता? ‘आकाशबंदी’ आणा. झकास आहे. पाच पुस्तकं, पाच घरं. बसतंय ना गणित?’’

गणित बसत होतं. मार्तंडरावांना तेवढंच हवं होतं.

‘आकाशबंदी’ म्हणजे पुढच्या काळातल्या एका शहराची गोष्ट. सरकारनं अख्ख्या शहरावर छप्पर घातलंय, आणि आकाश बघायचं तर पास काढून महिन्यातून दोन मिनिटं, एकाच खिडकीतून. झिरा नावाची पोरगी याविरुद्ध उठते. चार भाग, आणि मागाहून लिहिलेली एक पूर्वकथा.

पुस्तकं आली. मार्तंडरावांनी ती जमिनीवर मांडली, खाकी कागदाची कव्हरं घातली आणि वर चिठ्ठ्या डकवल्या. नंबर कसे दिले? जाडीनं. जड क्रेट खाली, हलका वर, ही आयुष्यभराची सवय. सगळ्यात जाड तिसरा भाग, तो झाला नंबर एक. पहिला भाग झाला नंबर चार. शेवटचा भाग सगळ्यात बारीक, तो नंबर पाच, आणि तो सगळ्यांत शेवटी फिरवायचा म्हणून परुळेकरांच्याच कपाटात राहिला. मग गाडी सुटली.

तिसऱ्या आठवड्यात जिन्यात आरडाओरडा ऐकू आला, तेव्हा मार्तंडरावांनी दार उघडलं.

‘‘काका, तुम्ही का सांगितलंत तिसऱ्या भागात मेहेर मरतो म्हणून?’’ श्रुतिका.

‘‘अगं, मला काय माहीत तुला माहीत नाही! माझ्याकडे तोच भाग आधी आला,’’ खालच्या मजल्यावरचे चंद्रप्रकाश. बँकेतला माणूस, पण गेले पंधरा दिवस दाढी करताना आरशात स्वतःकडे बंडखोरासारखा बघत होता, असं त्यांच्या बायकोचं म्हणणं.

‘‘वाट लावलीत माझी! आजोबा, तुम्ही योग्य क्रम ठरवा. जसे छापले तसे वाचायचे. पहिला ते चौथा, मग पूर्वकथा.’’

‘‘अजिबात नाही. गोष्ट जिथे सुरू होते तिथून. पूर्वकथा आधी.’’

‘‘नेटवर जाऊन बघा, सगळे तुमच्यासारख्यांना शिव्या घालतायत.’’

‘‘नेटवर मलासुद्धा चारशे लोकांचा पाठिंबा आहे!’’

शेवटी श्रुतिकेनं सुनावलं, तिचा क्रम लागला नाही तर पुढच्या वर्षी तिच्या घराचं नाव नको. चंद्रप्रकाशांनीही तेच सुनावलं, उलट्या बाजूनं. म्हणजे निकाल कसाही लागला तरी एक घर जाणार. आणि चार घरांचं मंडळ चालत नाही, हे मार्तंडरावांनीच सव्वीस वर्षांपूर्वी नियमात लिहून ठेवलं होतं. मंडळ गेलं की ते उरणार पेपर आणायला खाली जाणारे एक आजोबा. असे आजोबा सोसायटीत आधीच सात होते.

‘‘तुम्ही सांगाल ते फायनल,’’ चंद्रप्रकाश म्हणाले. ‘‘तुम्ही तर वाचलंच असेल.’’

आतून मृणालिनीबाईंना जोराचा ठसका लागला.

‘‘रविवार. दहा,’’ मार्तंडराव म्हणाले आणि दार लावून घेतलं.

‘‘आता काय करतलास?’’ बाईंनी विचारलं.

‘‘वाचतो.’’

‘‘अरे देवा. डॉक्टराक बोलवू?’’

कपाटात पाच नंबरची चिठ्ठी लावलेलं पुस्तक होतं. मार्तंडराव खुर्चीत बसले. पहिली दहा पानं त्यांनी दुधात पाणी शोधावं तशी वाचली. पन्नासाव्या पानावर चहा गार झाला. बुधवारी दुपारी पुस्तक संपलं तेव्हा छप्पर उघडलं होतं, झिरा जिंकली होती, आणि मार्तंडराव चिडले होते.

कारण होता फाटकवाला. खिडकीपाशी स्टुलावर बसून पास तपासणारा म्हातारा. दोन मिनिटं म्हणजे दोन मिनिटं. शेवटच्या पानावर त्याचं नुसतं स्टूल आहे, रिकामं, आणि झिरा त्यावर आपली टोपी ठेवून जाते. का ठेवली? त्यानं काय केलं? कधी गेला? सगळं दुसऱ्या भागात घडलेलं, आणि दुसऱ्या भागाचं नाव झालं होतं नंबर दोन. या आठवड्यात तो अनुपमाकडे. आणि आज बुधवार.

मार्तंडरावांनी स्वयंपाकघराबाहेरच्या टेबलावरची एक वाटी उचलली आणि समोरची बेल दाबली.

‘‘ही वाटी परत करायला आलो होतो.’’

‘‘आमची नाही ही, काका,’’ अनुपमा म्हणाली.

‘‘असू दे. ते नंबर दोनचं पुस्तक जरा... तपासायचं होतं. कव्हर सुटलंय म्हणे.’’

अनुपमाचा चेहरा पडला. तिनं नंबर दोन आणून दिलं. मार्तंडरावांनी उघडलं. आत पूर्वकथा.

‘‘हे काय?’’

‘‘काका, रागावू नका हं. आम्ही पहिल्या सोमवारपासूनच अदलाबदल करतोय. रविवारी सकाळी फक्त कव्हरं चढवतो, तुमच्या नंबरानं. दुसरा भाग चंद्रप्रकाशांकडे आहे.’’

मार्तंडराव वाटीसकट खाली उतरले. चंद्रप्रकाशांनी दारातच हात जोडले. ‘‘होता, होता. पण सोमवारी वहिनी घेऊन गेल्या.’’

‘‘कोण वहिनी?’’

‘‘आपल्या.’’

मार्तंडराव जिना चढून घरी आले. स्वयंपाकघरात मृणालिनीबाई ओट्याला टेकून उभ्या होत्या. एका हातात कालथा, दुसऱ्या हातात दुसरा भाग, आणि तव्यावर आंबोळी काळी झालेली.

‘‘तू पण?’’

‘‘तुमी संध्याकाळी फिरूक जातास तेव्हा जिन्यात आमची बैठक आसता. सगळी येतत.’’ बाईंनी पान उलटलं. ‘‘माजी सोळा पानां ऱ्हवली. मगे देतंय.’’

मार्तंडराव ओट्याशेजारच्या स्टुलावर बसले आणि सोळा पानं संपायची वाट बघत राहिले. दुधाच्या चौतीस आणि मंडळाच्या सव्वीस वर्षांत ते एवढे कुणासाठी थांबले नव्हते.

रविवारी दहाला जिन्यात पाचही घरं जमली. मार्तंडराव दुधाचा निळा क्रेट घेऊन आले. त्यांनी सगळ्यांसमोर एकेक खाकी कव्हर काढलं.

‘‘ऐका,’’ ते म्हणाले. ‘‘कुठूनही सुरू करा. पण दुसरा भाग शेवटी वाचायचा.’’

‘‘काय?’’ श्रुतिका ओरडली. ‘‘आजोबा, तो मधला आहे!’’

‘‘त्यात फाटकवाला त्या पोरीला दोन मिनिटांऐवजी पाच मिनिटं आकाश बघू देतो. माहितेय ना? पकडतात त्याला. पण ती पाच मिनिटं होईपर्यंत तो तिथे बसलेला असतो. पुस्तकं मिटताना माणूस जागेवर हवा.’’

‘‘यार, असा क्रम जगात कुणी लावत नाही,’’ श्रुतिका म्हणाली.

‘‘अगदी बरोबर बोलतेय ती,’’ चंद्रप्रकाश तिच्या बाजूला सरकले. ‘‘मार्तंडराव, हे तर्काला धरून नाही. वाटलं तर तिचा क्रम चालेल मला, पण हा नाही.’’

‘‘मला तुमचासुद्धा चालेल, काका. आजोबांचा नाही म्हणजे नाही.’’

दोघं खांद्याला खांदा लावून मार्तंडरावांशी पाऊण तास भांडले. निकाल काही लागला नाही. पुढच्या वर्षी दुसरी मालिका आणून बघू, मग ठरवू, एवढंच ठरलं. नाव काढून घ्यायचं दोघांच्याही लक्षात राहिलं नाही, आणि मार्तंडरावांनी आठवण करून दिली नाही.

जाताना त्यांनी क्रेट जिन्यातच ठेवला. उघडा, चिठ्ठ्यांशिवाय. दुपारी बघितलं तर चार पुस्तकं गायब होती. पाचवं, म्हणजे दुसरा भाग, त्यांच्या उशाशी होतं, पुन्हा पहिल्या पानापासून.

‘‘ह्यां रविवारी दहाक परत देतलास मां?’’ मृणालिनीबाईंनी विचारलं.

‘‘बघू,’’ मार्तंडराव म्हणाले.