आठ दिवसांनी पुन्हा या

दोन हजार एक साली माझं आतडं फुटलं. रत्नागिरीच्या दवाखान्यात तातडीनं ऑपरेशन झालं. फुटलेला भाग कापून आतडं जोडलं आणि जोड भरून येईपर्यंत पोटावर पिशवी बसवली. शौच त्या पिशवीत व्हायचं. चार महिन्यांनी डॉक्टर म्हणाले, आता पिशवी काढू, पण त्याआधी खालून औषध सोडून एक्स-रेचे फोटो काढायला हवेत. जोड गळत नाही ना, ते त्यात दिसतं.

नवरा मुंबईला नोकरीत, त्याला रजा मिळेना. म्हणून थोरल्या जाऊबाई सोबत आल्या. पिशवी लागल्यापासून त्या माझ्या हातचं पाणी घेत नव्हत्या. देवरूखला एसटीत बसलो तेव्हा त्यांनी दोघींच्या मध्ये सामानाची थैली ठेवली. मी खिडकीबाहेर बघत राहिले.

आदल्या दिवसापासून पोटात फक्त पेजेची निवळ होती. दवाखान्यात मला एका जागी बसवेना. बाकावरून उठायचे, दारापर्यंत जायचे, पदराखाली पिशवी चाचपायची, परत येऊन बसायचे. आत कोणाचं काय चाललंय ते ऐकायला कान टवकारायचे आणि ऐकू आलं की नको व्हायचं.

आतलं टेबल गार होतं. कुशीवर झोपवून शौचाच्या वाटेनं नळी घातली आणि औषध सोडलं. तंत्रज्ञ काचेपलीकडून सांगत होता, रोखून धरा, या कुशीवर, आता त्या. चार महिने त्या वाटेनं काही गेलंच नव्हतं. कुठला स्नायू आवळायचा तेच मला आठवेना. पोटात कळ आली आणि सगळं बाहेर आलं. परकर भिजला, टेबल भिजलं, खाली फरशीवर थेंब पडायला लागले. फोटो अर्धवट राहिले. तंत्रज्ञ रागावला नाही, आठ दिवसांनी पुन्हा या म्हणाला. तो रागावला असता तर बरं झालं असतं, असं मला वाटलं.

मी दवाखान्याच्या न्हाणीत कोपऱ्यात उभी होते. दार लोटून जाऊबाई आल्या. त्यांनी माझा परकर घेतला, नळाखाली धरला आणि साबण लावून चोळायला लागल्या. मी म्हटलं, "राहू दे, मी धुते."

त्या मान वर न करता म्हणाल्या, "माझ्या पहिल्या बाळंतपणात मलाही आवरलं नव्हतं गो. सासूबाईंनी गावभर केलं होतं. मी कोणाला सांगायची नाही."

मग परकर पिळत म्हणाल्या, "पुढच्या खेपेला मीच येईन."

निघताना तिथल्या नर्सनं आवळून धरायचा व्यायाम शिकवला होता. आठ दिवस मी तोच करत होते, चुलीपुढे, तांदूळ निवडताना, अंथरुणात. मध्येच भीती वाटायची, आवळताना जोडच उसवला तर? डॉक्टरांनी तसं होत नाही म्हणून सांगितलं होतं, तरी मन थाऱ्यावर नसायचं.

दुसऱ्या खेपेलाही नळी तेवढीच नकोशी झाली, कळही तशीच आली. पण मी दात आवळून शेवटच्या फोटोपर्यंत धरलं. संध्याकाळी डॉक्टरांनी फोटो उजेडासमोर धरून दाखवला. जोड कुठेच गळत नव्हता.

महिन्याभरात पिशवी निघाली. ऑपरेशननंतर चौथ्या दिवशी वारा सरला, म्हणजे आतडं चालू झालं, तेव्हा खाटेजवळ बसलेल्या जाऊबाईंनी डोळ्यांना पदर लावला आणि नर्सला सांगायला त्या धावतच गेल्या.