निसरपूरच्या माळावर गवत मोजताना

मंडळी, आत्ताच निसरपूरहून धारला परतले, पण मन अजून तिकडेच आहे.

मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. एका कंपनीनं नर्मदेकाठच्या एका माळावर कोणतं गवत, कोणते किडे, किती प्रमाणात आहेत ते मोजायचं काम दिलंय. जमिनीवर लाकडी चौकट ठेवायची, आतलं सगळं मोजायचं, मग चौकट दुसरीकडे. त्यावरून साऱ्या माळाचा अंदाज येतो.

सकाळी चौकट ठेवली, तोच विळा घेतलेल्या एक बाई समोर येऊन उभ्या राहिल्या.

"किसने भेजा?"

"काकी, बस घास गिन रही हूँ."

"पहले भी लोग बस नापने आए थे. फिर बाँध बना और गाँव पानी में गया. गिनकर किसको दोगी?"

कंपनीचं नाव सांगितलं. "उनको घास से क्या काम?" त्यांनी विचारलं. ते मलाही कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून त्यांच्यासमोरच कंपनीच्या साहेबांना फोन लावला.

"मैडम, इतना मत गिनिए," ते म्हणाले. "लिख दीजिए कि यहाँ कुछ खास नहीं मिलता."

मोजणी तर नुकती सुरू झाली होती. मी फोन ठेवला आणि काकींना सगळं खरं सांगितलं: इथं काही नाही असं कागदावर आलं की कंपनीला माळ घेणं सोपं जाईल. त्या तिथून हलल्या नाहीत.

काम सोडलं तर कंपनी दुसऱ्या कुणाकडून हवं ते लिहून घेईल. म्हणून उद्या परत जाऊन नीट मोजणार आहे, आणि अहवाल आधी गावाला देणार आहे.

पण काकींनी माझ्यावर विश्वास का ठेवावा? तुम्ही ठेवला असता?