फुकटची केबिन

गल्लीच्या टोकाला, चपला दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानावर पडदेवालीची खोली होती. खोली म्हणजे निम्मं घर आणि निम्मा कारखाना. खिडकीशी शिलाई मशीन, भिंतीला टेकवलेले कापडाचे तागे, आणि जेवायच्या टेबलावर कायम कुणाचा तरी अर्धवट पडदा पसरलेला. बोलताना तिच्या ओठांत टाचण्या असत, त्यामुळे गिऱ्हाइकाला तिचं अर्धं बोलणं ऐकू येई आणि अर्धं समजून घ्यावं लागे. पण कापडाच्या बाबतीत तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. दुसरा शिंपी जेवढं कापड मागेल तेवढ्यात ती एक जादा खिडकी झाकून वर उशीचा अभ्रा काढून देई. याला ती स्वतः काही कसब वगैरे म्हणत नसे. वाया गेलेली गोष्ट तिच्या डोळ्यांत सलायची, इतकंच.

नवरा गेल्यापासून मात्र ती कुठे गेली नव्हती. बाजार आणि गिऱ्हाइकांच्या खिडक्या, एवढंच तिचं जग उरलं होतं. नणंदेशीही बोलणं तुटलेलं. नवऱ्याची जुनी मोटारसायकल तिने नणंदेला न विचारता विकली, यावरून दोघींचं वाजलं होतं. "माझा भाऊ गेलाय हे अजून मला खरं वाटत नाही, आणि तू त्याची गाडी विकून मोकळी झालीस," असं ताई म्हणाल्या होत्या. त्यावर हिने जे उत्तर दिलं, ते नंतर तिचं तिलाच आठवायला नको वाटे.

म्हणून एका दुपारी फोनवर ताईंचा आवाज आला तेव्हा तिने आधी तोंडातल्या टाचण्या काढून ठेवल्या.

"वहिनी, जहाजावर येतेस का? आठवड्याची सहल आहे. केबिन फुकट आहे, दोघींची."

"फुकट कशी?"

"मी जहाजावरच्या कॅसिनोत खेळते ना. खेळणाऱ्यांना ते लोक देतात."

विचार करून सांगते, असं ती म्हणाली आणि फोन ठेवला. संध्याकाळी लेक आली, तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आई, आत्याने फोन केलाय. तिचा स्वभाव तुला माहीत आहे. हा फोन करायला तिला किती जड गेलं असेल? तू जा. पडदे कुठे पळून जात नाहीत."

आणि ती गेली.

केबिन जहाजाच्या अगदी पोटात होती. खिडकी नाही, आणि दिवा लावल्याशिवाय स्वतःचा हात दिसत नाही. उजाडलं की नाही ते घड्याळाला विचारायचं. दोन अरुंद पलंग आणि मधे उभं राहायला जेमतेम जागा. ताईंना त्याचं काही नव्हतं. आपण खोलीत असतोच कुठे, असं त्या म्हणाल्या. पडदेवालीने मात्र पहिल्या तासातच दोन गोष्टी हेरल्या. एक म्हणजे केबिन फुकट असली तरी बंदरांचा कर आणि नोकरांची बक्षिसी ताईंनी आपल्या खिशातून भरली होती. आणि दुसरी, जहाजावर जो तो काहीतरी विकायला उभा होता.

जिन्यापाशी पेयांचं पॅकेज विकणारा हसतमुख तरुण होता. एकदा पैसे भरा आणि आठवडाभर हवं ते प्या.

"एकीनेच घेतलं तर चालेल?" तिने विचारलं.

"नाही बाई, एका केबिनमधल्या दोघींनी घ्यावं लागतं."

"आणि जेवणाच्या हॉलमधली कॉफी?"

त्याने आवाज खाली आणला. "ती तशीही फुकट असते."

"मग ताई, हे पैसे वसूल करायचे तर आपल्याला रोज बादलीभर प्यावं लागेल, आणि मग आपल्याला उचलून न्यायला वेगळं पॅकेज."

ताई हसल्या. किती वर्षांनी ते हसणं तिच्या कानावर पडत होतं. हसताना त्या हुबेहूब आपल्या भावासारख्या दिसत.

दुसऱ्या दिवशी चहूकडे नुसतं पाणी होतं. जहाज चालू असलं की कॅसिनो उघडा असतो आणि बंदराला लागलं की बंद, हे तिला त्या दिवशी कळलं. कारण नाश्ता उरकून ताई ज्या गेल्या, त्या दुपारच्या जेवणालाही आल्या नाहीत. ती शोधत गेली. लाल गालिच्याचा लांबलचक हॉल, भिंतीला घड्याळ नाही, आणि रांगेने मांडलेल्या जुगाराच्या मशीनमधून एकसारखी किणकिण. ताई कोपऱ्यातल्या मशीनपाशी बसल्या होत्या. त्यांचं कार्ड एका दोरीने मशीनला जोडलेलं होतं आणि दोरीचं दुसरं टोक त्यांच्या कमरेला. गाईला दावं बांधावं तसं, असं तिच्या मनात आलं, पण ते तिने गिळलं.

"ताई, जेवायला चला."

"जरा थांब. अजून थोडे पॉइंट झाले की पुढच्या वर्षीची केबिन पक्की."

"जिंकलात का काही?"

"पॉइंट जिंकण्यावर नसतात गं. मशीनमधून किती पैसे फिरवले त्यावर असतात."

"म्हणजे हरलं तरी मिळतात?"

"हरलं तरी मिळतात," ताई म्हणाल्या, आणि बोलता बोलता त्यांनी पुन्हा बटण दाबलं.

ती शेजारच्या स्टुलावर बसली. उपदेश करायला जीभ शिवशिवत होती, पण मोटारसायकलीच्या वेळी जिभेने जे केलं होतं ते एकदाच पुरे होतं. ती नुसती बसून राहिली. थोड्या वेळाने ताई आपण होऊन बोलायला लागल्या.

"काचेच्या कारखान्यात जन्म गेला माझा. पट्ट्यावरून बाटल्या सरकत जायच्या आणि मी तडे शोधायची. डोळा हलवायची सोय नव्हती. इथेही समोरून काहीतरी सरकतं, पण इथे चूक शोधायची नाही. बरं वाटतं."

तेवढ्यात कॅसिनोतला एक माणूस आला. राखाडी सूट, छातीवर पितळी बिल्ला. खेळणाऱ्यांची बडदास्त ठेवणं हे त्याचं काम. त्याने वाकून विचारलं, "ताई, गुडघा कसा आहे आता? गेल्या खेपेला फार दुखत होता." ताईंचा चेहरा उजळला. त्यांनी गुडघ्याची साग्रसंगीत हकिकत सांगितली आणि त्यानेही ती शेवटपर्यंत ऐकली.

ताईंचा गुडघा दुखतो हे पडदेवालीला ठाऊकच नव्हतं. एकाच शहरात राहून नव्हतं.

ती उठून त्या माणसामागे गेली आणि तिने विचारलं, "आमच्या ताई नेहमी एकट्याच येतात का?"

"नेहमी. एक सांगू का? त्यांच्या कार्डावर दोघांचं खास जेवण असतं, वरच्या मजल्यावरच्या हॉटेलात. कपडे धुऊन मिळतात. वाफेच्या स्नानाचा पास असतो. जहाजावर खर्च करायला थोडी रक्कमही असते, सहल संपली की ती बुडते. त्या यातलं काहीच वापरत नाहीत. या वेळी तुम्ही आहात, तर घेऊन जा त्यांना."

तिला आधी खरंच वाटेना. ज्या बाईने पैसे ओतून ओतून या सवलती मिळवल्या, ती त्या तशाच टाकून घरी जाते? केबिनमध्ये आल्यावर तिने विचारलं तेव्हा ताईंनी तोंड फिरवलं.

"दोघांच्या टेबलाशी एकटीने काय बसायचं? वाढणारा समोरची प्लेट उचलून नेतो ना, ते बघवत नाही."

पडदेवालीने कपाट उघडलं, दोघींचे कपडे काढले, धुलाईच्या पिशवीत कोंबले आणि पिशवी दाराबाहेर ठेवली.

"अगं, सगळेच टाकलेस? उद्या घालू काय?"

"अंगावर आहे तेच, आणि आज रात्री जेवायलाही तेच. चला, आवरा."

वरच्या हॉटेलात पांढरे टेबलक्लॉथ होते आणि खिडकीबाहेर मावळतीचा समुद्र. मासा इतका मऊ होता की सुरी लावायची गरज नव्हती. ताई आधी खुर्चीच्या कडेवर बसल्या होत्या, सूप येईपर्यंत मागे टेकल्या. पडदेवालीने टेबलक्लॉथची कड बोटांनी चाचपली आणि शिलाई कच्ची आहे असं हळूच सांगितलं. मग म्हणाली, "ताई, गाडी मी पैशासाठी नाही विकली. रोज सकाळी जिन्याखाली ती दिसायची. तो खाली उतरून तिला किक मारील असं वाटायचं. मला सहन होईना."

"मला बघायची होती म्हणून हवी होती," ताई म्हणाल्या, "आणि तुला बघवत नव्हती म्हणून नको होती. दोघींनी एकमेकींना एवढं सांगितलं असतं तर..." वाक्य तिथेच राहिलं. वाढणारा गोड घेऊन आला आणि ताईंनी आपल्यातलं अर्धं वहिनीच्या ताटलीत सरकवलं.

पुढच्या दिवशी जहाज बंदराला लागलं. जहाजाच्या बसने गाव दाखवण्याचे भारी दर होते. या दोघी गेटाबाहेरून साध्या बसमध्ये बसल्या, कापडबाजारात उतरल्या आणि ताईंच्या गुडघ्याला झेपेल एवढंच फिरल्या. दुपारी सगळे प्रवासी गावात असताना परत येऊन वाफेच्या स्नानाला गेल्या. ती जागा त्या वेळी रिकामी असणार, हे तिने सकाळीच तिथल्या मुलीला विचारून ठेवलं होतं. ताईंनी गरम दगडावर गुडघा टेकवला आणि डोळे मिटून घेतले. पास दर खेपेला कार्डावर होता, आणि दर खेपेला त्या गुडघा चोळत मशीनपुढे बसल्या होत्या.

असं नाही की ताईंनी खेळणं सोडलं. जहाज चालू असलं की दुपारी त्या बसायच्याच, पण आता ठरावीक रक्कम नेत आणि ती संपली की उठत. एकदा उठवेना, तेव्हा मुकाट्याने वहिनीच्या हातात कार्ड देऊन टाकलं.

शेवटच्या दिवशी पेच पडला. राखाडी सुटातला माणूस सांगत आला की पुढच्या वर्षीच्या फुकट केबिनला थोडेच पॉइंट कमी आहेत. संध्याकाळपर्यंत वेळ आहे. ताईंची नजर हॉलकडे वळली. पडदेवाली म्हणाली, "ताई, जायचं तर जा. फक्त आधी माझ्याबरोबर दोन मिनिटं त्या बुकिंगच्या टेबलाशी या."

तिथल्या बाईला तिने विचारलं, पुढच्या वर्षी गर्दी नसताना, शाळा चालू असताना, अशीच केबिन विकत घेतली तर काय पडेल? बाईने आकडा सांगितला. ताईंनी मनातल्या मनात काहीतरी मांडलं. जन्मभर बाटल्यांतले तडे शोधलेली बाई ती, हिशेबातली खोट सापडायला वेळ लागला नाही.

"वहिनी," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "उरलेल्या पॉइंटांसाठी मशीनमध्ये जेवढं घालावं लागेल ना, त्यात हिच्या तीन केबिन येतात."

"मला नाही माहीत, ताई. तुमचं तुम्ही बघा."

"माहीत नसतं तर मला इथे आणलं असतंस का?"

ताईंच्या चेहऱ्यावर राग येतोय की हसू, ते कळत नव्हतं. मग त्यांनी टेबलावर कोपर टेकवलं आणि विचारलं, "खिडकीची केबिन असेल का? आणि आता आगाऊ थोडे भरले तर काही मिळतं का वर?"

मिळत होतं. जहाजावर खर्चायला थोडी रक्कम. आणि खिडकीची केबिन फारशी महागही नव्हती. नाव लिहिताना बाईने विचारलं, दुसरी प्रवासी कोण? ताईंनी शेजारी बोट दाखवलं.

"मला विचारलंत का?" पडदेवाली म्हणाली.

"तू गाडी विकताना मला विचारलं होतंस?" ताई म्हणाल्या, आणि दोघीही अशा हसायला लागल्या की बुकिंगवाली बाई पेन हातात धरून बघतच राहिली.

राखाडी सुटातला माणूस उतरायच्या वेळी जिन्यापाशी भेटला. फुकट केबिन हुकली हे ताईंनी त्याला आपण होऊन सांगितलं. त्याने खांदे उडवले, गुडघ्याला गरम शेक द्यायला बजावलं आणि ताईंची बॅग पायऱ्यांवरून खाली नेऊन दिली.

पुढची गोष्ट साधी आहे. आता ताई आठवड्यातून एकदा पडदेवालीच्या खोलीवर येतात. शिवणकाम त्यांना येत नाही, पण शिवून झालेला पडदा खिडकीसमोर धरून त्या अशा न्याहाळतात की टाका सुटलेला असेल तर सापडल्याशिवाय राहत नाही. परवा त्यांनी एका पडद्यात तीन चुका काढल्या. पडदेवालीने तो उसवला आणि पुरतं तोंड फुगवून पुन्हा शिवायला घेतला. ताईंनी कॉफी केली. लेक आली होती, ती खिडकीच्या केबिनमध्ये तिसरा पलंग बसतो का ते विचारत होती. बसतो, भिंतीतून खाली ओढायचा असतो, असं ताईंनी तिला सांगितलं.