कुंकू लागलेली सीडी

सिनेमा पाहून मी घाबरत नाही. पडद्यावर भूत आलं की मला हसूच येतं. पण आमच्या गावी, दवनीवाड्यात, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, भरदुपारी पाहिलेल्या एका सिनेमानं माझी बोलती बंद केली होती. माझी बोलती बंद होणं म्हणजे काय, ते आमच्या घरच्यांना विचारा.

तेव्हा मी कॉलेजात होते. करीला धानाच्या बांधीत, शेतात, कोणी कामाला पाय टाकत नाही, म्हणून भावानं गोंदियाहून टीव्ही आणि सीडी प्लेयर भाड्यानं आणला. धाकटी काकीही सणापुरती आली होती. एरवी ती वर्षभरापासून लेकराला घेऊन माहेरी, नवेगाव बांध इथं, राहत होती. कारण काका. ते आपल्याशीच पुटपुटायचे, मध्येच दोन्ही कान झाकून घ्यायचे. नागपूरच्या दवाखान्याच्या गोळ्या चालू होत्या. मारणं सोडा, त्यांनी कधी कोणाला शिवीही दिली नव्हती. पण गाव कुठं ऐकतं! येड्याचा काय भरवसा, असं बायांनी काकीच्या मनात इतकं भरवलं की ती भ्यायलीच. उद्या सकाळच्या बसनं ती जाणार होती, आणि आता परत येणार नाही, असं तिनं माझ्या आईला सांगून टाकलं होतं. काकांना हे कोणी कळू दिलं नव्हतं.

सिनेमा एका खुनी माणसाचा होता, दोन सीड्यांचा. सणाला घरातल्या प्रत्येक वस्तूला टिळा लावायची आमच्याकडे पद्धत. आईनं बैल झाले, नांगर झाला, टीव्ही झाला, आणि कोणाचं लक्ष नसताना पहिल्या सीडीलाही ओलं कुंकू लावलं. तेही नेमकं चमकणाऱ्या बाजूला! प्लेयर काही ती घेईना. भावानं कपाळावर हात मारला. शेवटी ती पुसून वाळत ठेवली आणि दुसरीच आधी लावली.

त्यामुळे त्या माणसाला आम्ही आधी आतून पाहिलं. खून वगैरे काही नाही. खोलीत एकटा बसलेला एक माणूस आणि त्याच्या डोक्यातले आवाज. ते त्याला हिणवायचे, दटावायचे, झोपू द्यायचे नाहीत. तो उशीत तोंड खुपसून रडायचा. काय ताकद होती त्या सिनेमात! आवाज टीव्हीतून नाही, आपल्याच कानामागून येतात असं वाटायचं. शेजारच्या बाया बिचारा, बिचारा करत पदरानं डोळे पुसू लागल्या.

मग पहिली सीडी लागली, आणि त्याच बिचाऱ्यानं आवाजांचं ऐकून एका बाईचा गळा दाबला. घरापुढच्या छपरीत बसलेल्यांची एकेक मान काकांकडे वळली. पोरं काखोटीला मारून बाया एकामागून एक सटकल्या. मला असा संताप आला की काय सांगू!

काका दाराशी बसले होते. भावानं टीव्ही बंद केला तेव्हा ते हळूच म्हणाले, "मले बी असेच आवाज येतेत."

काकीनं लेकराला छातीशी धरलं. "काय म्हणतेत?"

"हेच. मार म्हणतेत, मर म्हणतेत. तो आयकला. मी नाई आयकत."

पावसापाण्याचं बोलावं तसं बोलले. ज्या माणसाला आम्ही येडा म्हणून बाजूला बसवत होतो, तो जेवताना, बैल चारताना, आमच्या लग्नाकार्यात वाढताना हे सगळं डोक्यात घेऊन वावरत होता, आणि वर्षानुवर्षं एका शब्दाला बधला नव्हता. मी त्यांच्याकडे पाहतच राहिले. देवळात माझे हात उगाच जुळत नाहीत. तेव्हा मात्र जोडावेसे वाटले.

काकी उठली आणि त्यांच्यासमोर जाऊन बसली. "आता बी बोलून रायले का?"

काकांनी हो म्हणून मान हलवली.

"काय म्हणून रायले?"

ते खाली पाहत म्हणाले, "तू उद्या जाशील म्हणतेत. वापस येणार नाई म्हणतेत."

आईनं माझा हात घट्ट धरला.

"लबाड बोलून रायले ते," काकी म्हणाली.