वाटप चालू ठेवा!

किस्से जमवावे लागत नाहीत. चार माणसांना एक साधी गोष्ट शिकवायला घ्या. किस्से आपोआप साठतात आणि शिकवणी तिथेच राहते. मुलुंडच्या आमच्या सोसायटीत मी 'कंप्युटरवाला' म्हणून बदनाम आहे, त्यामुळे माझ्याकडे भरपूर स्टॉक आहे. हल्ली सांगताना हसू मात्र येत नाही.

तर, आमचं भजनी मंडळ. मुख्य गायक दामलेकाका. मंडळाची सगळी भजनं त्यांनी रेकॉर्ड करून लॅपटॉपवर ठेवली होती. ती सगळ्यांना हवी होती, म्हणून एक पेन ड्राइव्ह घरोघर फिरायला लागला. तिसऱ्या घरी तो शर्टाच्या खिशातून वॉशिंग मशीनमध्ये गेला.

"बघ, कसा स्वच्छ निघालाय!" असं म्हणत त्या वहिनींनी तो मला परत दिला.

मग मला अवदसा आठवली. म्हटलं, पीअर टू पीअर करू!

*

सोसायटीच्या ऑफिसात सगळ्यांना बसवून समजावलं. "फाइलचे तुकडे होतात. आधी सगळे तुकडे दामलेकाकांकडे. तुम्ही घ्यायला लागलात की काही तुमच्याकडे, काही शेजाऱ्याकडे. मग एकमेकांकडून घ्यायचे. मधे दुकान नाही, गोडाऊन नाही. अट एकच, आपलं पूर्ण आलं तरी मशीन चालू ठेवायचं. तरच दुसऱ्याला मिळतं."

आमचे पखवाजवाले सावंतकाका मालवणचे. त्यांनी घाबरून विचारलं, "म्हंजे माज्या घरात लोक शिरतले?"

"लोक नाही हो काका, फक्त भजनं जाणार-येणार."

"मगे चाय करूक नको," काका म्हणाले आणि निश्चिंत झाले.

*

जोशीकाका बँकेतून रिटायर झालेले. दुसऱ्याच दिवशी त्यांनी मला घरी बोलावलं. चेहरा विजयी!

"हे बघ, सगळी भजनं आली. आणि माझ्याकडून एक तुकडा बाहेर जाऊ दिला नाही!" अपलोडचं सेटिंग शोधून त्यांनी ते बंद करून टाकलं होतं.

"काका, सगळ्यांनी असंच केलं तर कुणालाच काही मिळणार नाही."

"सगळे कुठे करतायत? तेवढं डोकं लागतं!"

*

आमच्या बिल्डिंगची एक जुनी शिस्त आहे. घराबाहेर पडताना गॅस बंद, नळ बंद, मेन स्विच बंद. खाली भाजी आणायला जायचं असलं तरी!

म्हणून मी टाइम ठरवून दिला. रोज संध्याकाळी पाच ते सहा सगळ्यांनी मशीन चालू ठेवायचं. पहिल्या दिवशी पाच वाजता माझ्या स्क्रीनवर कुणीच दिसेना. खाली जाऊन पाहिलं, तर अख्खं मंडळ बागेत वॉकला आलेलं. झाडून सगळे मेन स्विच बंद करून!

*

त्यातही सावंतकाकांकडे पूर्ण सेट आला होता. मी खूश. पुढच्या आठवड्यात बघतो तर फोल्डर रिकामं.

"काका, भजनं कुठे गेली?"

"ऐकान झाली मा! मगे ठेवन काय करू?"

पेपर वाचून झाला की रद्दीत घालतात, तशी त्यांनी भजनं पुसून टाकली होती. मी डोक्याला हात लावून बसलो.

*

दामलेकाकांचा मात्र या सगळ्यावर फार विश्वास. त्यांनी जुना लॅपटॉप एक्स्चेंजमध्ये देऊन टाकला. मी ओरडलो, तर हसून म्हणाले, "अरे, वाटून झालीत ना! आता कसली भीती?"

त्यानंतर काही महिन्यांतच काका गेले. अचानक.

सुमनकाकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, भजनं कधी घेतलीच नव्हती. "माणूस घरात गातोय, मी कशाला डाउनलोड करू?" म्हणायच्या. आता त्यांना काकांची भैरवी हवी होती. मी त्यांच्या मशीनवर डाउनलोड लावलं आणि सगळ्यांना आपापलं मशीन चालू करायला लावत दारोदार फिरलो. जोशीकाकांनी व्हायरसच्या भीतीने कंप्युटर पूर्ण साफ करून घेतला होता. "नवा कोरा झाला बघ!" बाकी तीन घरांत अर्धवट भजनं होती, आणि तीही तिन्हीकडे तीच. भैरवी कुणाकडेच नव्हती, माझ्याकडेही नाही; मी नुसता इतरांचं कुठवर आलं ते बघत राहिलो होतो. वाट लागली होती, आणि ते काकूंना सांगायचं कसं, मला कळेना.

शेवटी सांगितलं. काकूंनी ऐकून घेतलं आणि मला पोहे दिले.

*

परवा काकू मुलीकडे नाशिकला निघाल्या. किल्ली ठेवायला मला बोलावलं. गॅस बंद केला, नळ दोनदा तपासला, खिडक्या लावल्या, कुलूप हातात घेतलं. आत कंप्युटर सुरूच. स्क्रीनवर तेच डाउनलोड, एक्क्याऐंशी टक्क्यांवर थांबलेलं.

"काकू, मेन स्विच राहिला."

"असू दे."

"अहो, पण उरलेलं आता कुणाकडेच नाहीये. मी सांगितलं ना तुम्हाला?"

"सांगितलंस रे." त्यांनी दार ओढून घेतलं. "पण मी बंद केलं आणि नेमकं तेव्हाच कुणी चालू केलं तर?"